पेवातली हळद आणि घरातली कोठी

श्रोतेहो, नमस्कार.

माघ लागला की आपल्याकडे हळदीचा पाला पिवळा पडून आडवा होतो. ज्यांची एकर-दोन एकर हळद आहे त्यांच्या शेतात वाफेचे कुकर धडधडायला लागतात. आज मात्र परसातल्या, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या पाव गुंठ्याच्या हळदीबद्दल बोलायचं आहे. पाव गुंठा म्हणजे साधारण पावणेतीनशे चौरस फूट जागा. त्याला सहा-सात किलो बेणं लागतं. निगा बरी असली तर ओली हळद पन्नास-साठ किलो निघते. वाळल्यावर तिचा पाचवा हिस्सा उरतो, म्हणजे दहा-बारा किलो. पाच-सहा माणसांच्या घराला वर्षभर पुरून लेकीच्या घरी पाठवण्याइतकी.

इतकी मेहनत करून ती हळद दिवाळीपर्यंत किडते, भोकं पडतात, डब्याच्या तळाला पिवळा भुगा साठतो. दोष वाणाचा नसतो. हळद नीट वाळलेली नसते, किंवा डब्यात हवा खेळत असते. म्हणून आज दोनच गोष्टी लक्षात ठेवा: खणखणीत वाळवा, आणि हवाबंद ठेवा. खणखणीत वाळवा, हवाबंद ठेवा.

हे ज्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं कळलं होतं त्यांचं गाव सांगलीला लागूनच आहे. हरिपूर. कृष्णा आणि वारणा जिथं भेटतात, जिथं संगमेश्वराचं देऊळ आहे, ते हरिपूर. त्या गावच्या जमिनीखाली सांगलीच्या बाजारपेठेची हळद असायची. गोदामात नव्हे, जमिनीच्या पोटात. त्याला म्हणायचं पेव.

पेव कसं असतं ते डोळ्यांपुढं आणा. वरून पाहिलं तर एक माणूस जेमतेम आत उतरेल एवढंच तोंड. आत मात्र रांजणासारखं फुगत गेलेलं पोट, तीन-चार पुरुष खोल. हरिपूरची माती घट्ट, धरून राहणारी. म्हणून विटा-चुन्याचं बांधकाम न करताही भिंती उभ्या राहायच्या. तळाला आणि कडेनं उसाच्या पाचटाचा जाड थर, त्यावर चटया, म्हणजे मातीची ओल हळदीला शिवत नाही. मग पोती रिकामी करायची, हळद गळ्यापर्यंत भरायची. गळ्यापर्यंत, हे महत्त्वाचं. वर पुन्हा पाचट, त्यावर झाकण, त्यावर मातीचा ढीग चोपून बसवायचा. पावसाचं पाणी तोंडाशी थांबू नये म्हणून तो ढीग उंच ठेवायचा.

पाचटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. अजूनही ऊस तुटून गेला की रात्री फड पेटवणारे लोक आहेत. ज्या पाचटानं लाखमोलाची हळद सांभाळली ते काडी लावून उडवायचं, हे मनाला पटत नाही. खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या पुन्हा फुटलेल्या पिकात, एकाआड एक सरीत दाबलं तर पाणी वाचतं, तण दबतं, जमीन मऊ होते. पाचट जाळू नका. असो, पेवाकडे वळू.

तर पेव बंद झालं. आत काय होतं? हळकुंड सुकलेलं असलं तरी त्याबरोबर थोडे किडे, थोडी अंडी आत जातातच. हे किडे श्वास घेतात. आतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कर्ब वायू साठतो. बाहेरून नवी हवा येत नाही. काही दिवसांत किड्यांना जगायलाच जागा उरत नाही. औषध नाही, गोळी नाही, धुरी नाही. किडीनं स्वतःच स्वतःची हवा संपवली. ऊन नाही म्हणून रंग उडत नाही, वारा नाही म्हणून वास उडत नाही. अशी हळद काही वर्षंसुद्धा टिकायची. व्यापाऱ्याला भाव पडला म्हणून घाई नव्हती, पुढच्या सालापर्यंत थांबता यायचं.

आता पेव उघडायची गोष्ट. झाकण काढलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. काही तास तोंड उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून सावकाश खाली सोडायचा. सगळे वाकून ज्योत बघतात. ज्योत बारीक झाली, विझली, की कंदील वर ओढायचा आणि आणखी थांबायचं. कर्ब वायू हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी बसून राहतो. वर माणसाला काही जाणवत नाही, खाली गेलं की शुद्ध हरपते. एकाला वाचवायला दुसरा उतरला आणि दोघंही गेले, असे प्रकार पेवात, विहिरीत, गोबरगॅसच्या टाकीत घडतात. कंदील विझला तर उतरायचं नाहीच, आणि कंदील जळत राहिला म्हणून सगळं ठीक आहे असंही धरायचं नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि तो दोर धरणारी दोन माणसं वर हवीत. तुमच्या घरी विहीर उपसायची असो की टाकी साफ करायची असो, हा दोराचा नियम तोच. कमरेला दोर, वर दोन माणसं.

ज्योत स्थिर राहिली की माणूस उतरायचा, पाट्या भरून वर पाठवायचा, आणि खालून वर येणारी हळद भरली त्या दिवसासारखी पिवळी असायची.

मग २००५ साल आलं. जुलै-ऑगस्टात कृष्णेचं पाणी चढत गेलं, हरिपूर पाण्यात गेलं. जमिनीच्या वर ठेवलेलं सामान माळ्यावर चढवता येतं, पेवातली हळद कुठं चढवणार? पाणी तोंडातून शिरलं, माती भिजून भिंती ढासळल्या. हवा अडवायला पेवाइतकं काही पक्कं नव्हतं, पण पाण्यापुढं ते हरलं. ओली हळद बंद जागेत फुगते, कुजते. त्यानंतर हळद गोदामांत आणि शीतगृहांत गेली, पेवं ओस पडली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नावामागं जमिनीखालची ही पेवंही आहेत.

मग आपल्या घरात पेव कसं करायचं? अगदी सोपं आहे. पण आधी वाळवण.

काढणीआधी पंधरा दिवस पाणी तोडा. पाला जमिनीलगत कापा आणि ठेवून द्या, तो लागणार आहे. कुदळीनं गड्डे उपटले की माती झाडून जेठे गड्डे, म्हणजे मधले जाड कंद, वेगळे आणि हळकुंडं वेगळी करा. एकत्र शिजवली तर गड्डे कच्चे राहतात नाहीतर हळकुंडं गळतात. काढल्यापासून दोन-तीन दिवसांत शिजवा. मोठं पातेलं किंवा गुळाची लहान काहील चालेल. कीटकनाशकाचं किंवा तेलाचं पिंप कापून घेऊ नका. हळद बुडून वर दोन बोटं पाणी राहील इतकं घाला, कापून ठेवलेला पाला वरून झाका, जाळ एकसारखा ठेवा. पाऊण ते एक तासात पांढरा फेस येतो आणि हळदीचा वास घरभर सुटतो. एक हळकुंड काढून काडी टोचा. सहज आत गेली की पातेलं उतरवा. कमी शिजलं तर गाभा वेगळ्या रंगाचा राहतो आणि कीड तिथंच शिरते. जास्त शिजलं तर रंग काळवंडतो.

चटईवर किंवा स्वच्छ अंगणात दोन-तीन इंचांचा थर करा. फार पातळ पसरली तर वरचा रंग उडतो. रोज परता, संध्याकाळी गोळा करून झाका, दव लागू देऊ नका. असे बारा ते पंधरा दिवस. हळकुंड मोडताना कट्‌कन आवाज आला, मूठभर हळद ताटात टाकल्यावर खणखण वाजली, की वाळली. शंका असेल तर कोरड्या काचेच्या बरणीत चार हळकुंडं घालून झाकण लावा, तासभर उन्हात ठेवा. आतून काचेला धुकं धरलं तर अजून तीन दिवस ऊन द्या. ओली हळद बंद केली तर किडीऐवजी बुरशी येते. शेवटी गोणपाटात घालून दोघांनी दोन टोकं धरून घासली की साल आणि मुळ्या निघून जातात.

आता कोठी. एका मोठ्या कोठीऐवजी दोन-दोन किलोचे घट्ट झाकणाचे डबे घ्या, कारण मोठी कोठी दर आठवड्याला उघडली की आत नवी हवा गेलीच. डबा गळ्यापर्यंत भरा. जागा उरली तर कोरडं कापड कोंबा. झाकणाच्या सांध्याला मेण ओता किंवा चिकटपट्टी लावा, वर तारीख लिहा. दळायची एका वेळी तीन महिन्यांची. हळकुंड वर्षानुवर्षं टिकतं, पुडीचा वास काही महिन्यांत उडतो. खणखणीत वाळवा, हवाबंद ठेवा.

आणि संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला प्लास्टिकच्या डब्या वाटण्यापेक्षा घरची पाच हळकुंडं वाण म्हणून द्यावीत असं मला फार मनापासून वाटतं. बाजारातल्या सुट्या हळदीत मेटॅनिल यलो नावाचा रंग मिसळल्याचं आढळतं. घरच्या हळकुंडात अशी भेसळ नसते.

एक मात्र विसरू नका. बेण्याला यातलं काहीच लागू नाही. बेणं शिजवायचं नाही, वाळवायचं नाही, आणि हवाबंद तर मुळीच करायचं नाही. ते जिवंत असतं, त्याला श्वास लागतो. निरोगी, न खरचटलेले गड्डे निवडा, झाडाखाली किंवा पडवीत सावलीला गुडघाभर उंचीचा ढीग करा, हळदीच्या वाळल्या पाल्यानं झाका. पाणी मारू नका. पंधरवड्यातून एकदा पाला उचलून कुजके गड्डे बाजूला काढा. अक्षय तृतीयेच्या सुमाराला डोळे फुगलेले दिसतील, तोवर वाफे तयार ठेवा.

नमस्कार.