पडद्यावरचा भाव आणि हाती पडणारा भाव

मंडळी, सेन्सेक्स म्हणजे ३० कंपन्या, निफ्टी म्हणजे ५०, डिमॅट म्हणजे शेअर ठेवायचं खातं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. आज मला बोलायचंय ते 'बाय'चं बटण दाबल्यावर पुढे काय होतं, यावर. माझ्या मते नवशिक्याने सगळ्यात आधी हे शिकावं, आणि नेमकं हेच कुणी शिकवत नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दलाल स्ट्रीटवर सौदे ओरडून व्हायचे. आता संगणक जुळवाजुळव करतो. नियम साधा: ज्याचा भाव चांगला त्याचा नंबर आधी, भाव सारखाच असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली तो पुढे.

समजा, एका छोट्या कंपनीचा शेअर पडद्यावर २५० रुपये दिसतोय. हा शेवटच्या सौद्याचा भाव, म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. तुम्हाला त्या भावात शेअर मिळेलच असं नाही. ॲपमध्ये 'मार्केट डेप्थ' उघडा. डावीकडे घेणारे, उजवीकडे विकणारे. विकणाऱ्यांच्या रांगेत २५०.४० ला ५० शेअर, २५१ ला १०० आणि त्यानंतर थेट २५४ ला ३५०. तुम्ही ५०० शेअरची मार्केट ऑर्डर, म्हणजे 'मिळेल त्या भावात घ्या' अशी ऑर्डर टाकलीत, तर ती ही सगळी रांग खात वर जाते. सरासरी पडते २५३.०४. पडद्यावरच्या भावापेक्षा १,५२० रुपये जास्त, आणि यात ब्रोकरेज धरलेलंच नाही! मोठ्या कंपन्यांत रांग दाट असते, तिथे फरक शेअरमागे काही पैशांचाच राहतो. पण उलाढाल कमी असलेल्या शेअरमध्ये मार्केट ऑर्डर टाकूच नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. लिमिट ऑर्डर टाका: २५१ च्या वर घेणार नाही. मग १५० च शेअर मिळतील, बाकीची ऑर्डर रांगेत थांबेल. थांबू द्या.

आता स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीपर्यंत पडला की शेअर विकायची आधीच लावून ठेवलेली ऑर्डर. पुष्कळांना वाटतं, स्टॉपलॉस लावला की तोटा तिथेच थांबला. तसं नाही. २०० ला घेतलेल्या शेअरला १९० चा ट्रिगर (या भावाला ऑर्डर जागी होते) आणि १८९ ची लिमिट (याच्या खाली विकणार नाही) लावली. दुपारी वाईट बातमी आली आणि भाव १९१ वरून एकदम १८४ वर आला. ट्रिगर लागला, ऑर्डर बाजारात गेली, पण १८९ ला घेणारा कोण? शेअर तुमच्याकडेच राहिले. लिमिट ट्रिगरपासून थोडी लांब ठेवली, तर सुटायची शक्यता वाढते. पण मग भावही तितकाच कमी मिळू शकतो, हे धरून चालायचं.

आणि लोअर सर्किट लागलं, म्हणजे भाव त्या दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकला, तर घेणाऱ्यांची बाजूच रिकामी होते. डेप्थमध्ये डावीकडे शून्य दिसतं, उजवीकडे विकणाऱ्यांचे लाखो शेअर. त्या दिवशी विकायची कुठलीही ऑर्डर टाका, गिऱ्हाईक येईपर्यंत ती रांगेतच पडून राहते. म्हणून शेअर घेण्याआधी त्याची रोजची उलाढाल बघा. आपल्याकडे जितके शेअर येणार, तितके एका दिवसात आरामात विकले जातील का, हे तिथेच कळतं.