जस्टिसमधला बेस गेला कुठे? (आणि प्लीज, मला इक्वलायझरचे स्क्रीनशॉट पाठवू नका)

नमस्कार मंडळी! मागे जो आवाज येतोय तो पत्र्यावरच्या पावसाचा आहे, म्हापशात जुलैमध्ये याहून शांत खोली मला मिळत नाही, सांभाळून घ्या. तर 'मेटालिका या अमेरिकन मेटल बँडच्या अँड जस्टिस फॉर ऑल या अल्बममध्ये बेस गिटार का ऐकू येत नाही', हा विषय मी टाळत होतो, पण तुम्ही ऐकत नाही. गिटारच्या तारा बदलायच्या व्हिडिओखाली पण हाच प्रश्न, अरे काय!

बेसिक पटापट. सप्टेंबर १९८६, स्वीडनमध्ये टूरची बस उलटली, बेसिस्ट क्लिफ बर्टन गेला, फक्त २४ वर्षांचा. जागेवर जेसन न्यूस्टेड आला. १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत रेकॉर्डिंग, प्रोड्यूसर फ्लेमिंग रासमुसेन, मिक्सिंग स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकल बार्बिएरो. नऊ गाणी, ६५ मिनिटं. झालं.

आता कमेंटमध्ये एकच उत्तर येतं, 'जेसनला छळायला बेस बंद केला'. छळलं हे खरंच, बँडनेच नंतर कबूल केलंय. फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली गेला हेही खरं, थॉम्पसन मुलाखतीत सांगतो की ड्रमर लार्स उलरिकने बेस जेमतेम ऐकू येईल इतका उतरवायला लावला आणि मग अजून उतरवायला लावला. गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफिल्डचं म्हणणं वेगळं, टूरमधून येऊन-जाऊन मिक्स ऐकायचे, कान पार गेलेले, त्यामुळे वरचे, म्हणजे तीक्ष्ण आवाज वाढवत बसले. पण मला सांगा, नुसता फेडर खाली गेला असता तर तो वर करून काम भागलं असतं ना? नाही भागत. इथेच सगळे अडकतात.

एक तर वाजवणं बघा. जेसन बराच वेळ हेटफिल्डची रिदम गिटार जशीच्या तशी फॉलो करतो, तेही पिकने. क्लिफ बोटांनी वाजवायचा आणि मधेच स्वतःची वेगळी वाट धरायचा. चतुर्थीच्या आरतीला दोन घुमटं अगदी एकच बोल एकाच वेळी वाजवत असतील तर दुसरं घुमट आहे हे तुम्हाला कळतं तरी का? तसंच.

बरं, हे पटत नसेल तर आकड्यात सांगतो. बेसची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झ, गिटारची ८२. म्हणजे बेसचा पहिलाच ओव्हरटोन (मूळ सुराबरोबर वाजणारा, दुप्पट वारंवारतेचा वरचा सूर) जाऊन गिटारच्या बुडाशी बसतो. आणि ही गिटार कशी, मिड, म्हणजे मधले सूर कापलेले, खालचा भाग फुगवलेला, वर एकावर एक थर चढवलेले. मधे किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) टकटक करतोय. बेसने बसायचं कुठे, जागाच नाही!

तरी मला रोज कुणीतरी फोनच्या इक्वलायझरचा स्क्रीनशॉट पाठवतं, 'दादा बेस फुल केला, आता मस्त वाटतं'. बाबा, तू जो वाढवलास तो गिटारचा खालचा भाग आणि किक आहे, जेसन नाहीच त्यात! तयार स्टिरिओ मिक्समध्ये खालचं सगळं एकत्रच वर येतं. मी पर्वरीला एका छोट्या गिगला साउंडवर होतो, बेसवाला पोरगा सारखा खुणा करतोय, वाढव, वाढव. वाढवला तर नुसता चिखल. शेवटी गिटारवाल्याला म्हटलं, तुझ्या अँपचा बेस नॉब खाली घे. तो इतका चिडला की गिग संपेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही, पण पुढच्याच गाण्यात बेस ऐकू आला. बेस वाढवायचा तर गिटार हलवावी लागते, आणि जस्टिसमध्ये गिटारला हात लावायची कुणाची तयारी नव्हती, आख्खा अल्बम तिच्यावरच उभा आहे.

लोकांना आवडला का? आवडला की. बिलबोर्डवर सहावा नंबर, त्यातल्या 'वन' गाण्यासाठी बँडने पहिल्यांदा म्युझिक व्हिडिओ केला. १९८९ ला ग्रॅमीत हार्ड रॉक-मेटलचं पहिलंवहिलं बक्षीस मात्र जेथ्रो टलला गेलं, म्हणजे बासरीवाल्या बँडला, त्यावर वेगळा व्हिडिओ होईल. पुढच्या वर्षी 'वन'ला मिळालं. आवाज कोरडा आहे अशी तक्रार तेव्हापासून आहे, मला तो कोरडेपणाच आवडतो, शिव्या घाला. १९९१ च्या ब्लॅक अल्बमला, म्हणजे बँडच्या पुढच्या अल्बमला, त्याच स्टुडिओत बॉब रॉक हा प्रोड्यूसर आला आणि बेस दणकून आला, म्हणजे दोष स्टुडिओचा नव्हता.

२०१८ च्या रिमास्टरमध्ये, म्हणजे जस्टिसच्या नव्याने काढलेल्या आवृत्तीत, तरी बेस वाढवतील असं वाटलेलं, बँडने हातच लावला नाही, जसा झाला तसा राहू दे. यूट्यूबवर फॅन लोकांनी 'जस्टिस फॉर जेसन' म्हणून बेसवाले मिक्स टाकलेत, ते ऐका, पण खरा जेसन ऐकायचा तर १९८९ चा सिएटलचा लाइव्ह शो शोधा, आणि कृपा करून फोनच्या स्पीकरवर नको. आता 'सेंट अँगरच्या (मेटालिकाचाच दुसरा अल्बम) स्नेअर ड्रमवर बोल' म्हणणाऱ्यांनो, तुमच्या कमेंट वाचल्यात, त्यातली अर्धी भांडणं डिलीट केली आहेत.