पोटातलं बाळ अन्न कसं मागतं

[दृश्य: प्रसूतिगृह. स्टीलच्या ट्रेमध्ये नुकतीच पडलेली वार.]

बाळ जन्मलं की साधारण अर्ध्या तासाच्या आत वार, म्हणजे प्लासेंटा, पडते. तोवर खोलीतलं सगळं लक्ष बाळाकडे वळलेलं असतं. रडलं का, वजन किती भरलं, कुणावर गेलंय. वार पूर्ण बाहेर आली ना, एवढं सिस्टर बघतात आणि ती बाजूला ठेवली जाते. आज आपण तिच्याकडे जरा थांबून पाहू या.

दिवस भरल्यावर वार जेवणाच्या ताटाएवढी गोल आणि सुमारे अर्धा किलो वजनाची असते. आत बारीक अंकुरांचं दाट जाळं. हे सगळे अंकुर उलगडून मोजले, तर त्यांचा पृष्ठभाग १० चौरस मीटरच्या वर भरतो. अंकुरांच्या बाहेरून आईचं रक्त वाहतं, आतून बाळाचं, आणि मध्ये असतो एक पातळ पडदा. ही दोन रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत. जे काही बाळाला मिळतं, ते या पडद्यातून.

ही वार मुख्यतः बाळाची असते, आईची नव्हे. ज्या फलित अंड्यातून बाळ घडतं, त्याच अंड्यातून वारही घडते. म्हणजे तिच्यातली निम्मी जनुकं वडिलांकडून आलेली असतात. आईच्या शरीरात राहून काम करणारं, पण बाळाच्या जनुकांवर चालणारं हे इंद्रिय आहे. पुढचं सगळं समजून घ्यायला ही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचे अंकुर.]

पडदा प्रत्येक पोषकद्रव्याला वेगळा नियम लावतो. ग्लुकोज आईच्या रक्तात जास्त आणि बाळाच्या रक्तात कमी असतं, म्हणून वाहक प्रथिनांच्या मदतीनं ते आपोआप बाळाकडे जातं. अमिनो आम्लांचं उलटं आहे. ती बाळाच्या रक्तातच जास्त असतात, तरीही वार ऊर्जा खर्च करून आणखी आत खेचत राहते. आईच्या अंगात लोह कमी पडलं, तर वार लोह पकडणारी प्रथिनं वाढवते. हा पडदा तयार होतो तो असंख्य पेशी एकमेकींत विरघळून एक झाल्यामुळे. त्यांना एक करणारं जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना लागण झालेल्या एका विषाणूकडून आलेलं आहे. हे २००० साली उघड झालं, आणि मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

पण किती द्यायचं, हे ठरवतं कोण?

१९८४ साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अंड्यांवर एक प्रयोग केला. काही अंड्यांमध्ये दोन्ही केंद्रकं आईकडचीच ठेवली, काहींमध्ये दोन्ही वडिलांकडची. अशी अंडी पूर्ण वाढत नाहीत. ती कुठे अडतात, हे पाहण्यासारखं होतं. फक्त आईकडची जनुकं असतील, तर गर्भ थोडाफार घडायचा, पण वारेच्या ऊती नीट वाढायच्या नाहीत. फक्त वडिलांकडची असतील, तर वारेच्या ऊती चांगल्या वाढायच्या आणि गर्भ मागे पडायचा. काही जनुकांवर ती कोणाकडून आली याची खूण असते, आणि त्या खुणेप्रमाणे आईची किंवा वडिलांची एकच प्रत चालते, हे यातून पुढे आलं.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं जनुक म्हणजे आयजीएफ-२. हे गर्भाची वाढ करणारं जनुक आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९९० आणि १९९१ साली झालेल्या प्रयोगांत, वडिलांकडून आलेली त्याची प्रत निकामी असेल तर उंदराची पिल्लं नेहमीच्या सुमारे ६० टक्के वजनाची जन्मली. आईकडून आलेली प्रत निकामी असेल, तर काहीच बिघडलं नाही.

२००२ साली केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत मिगेल कॉन्स्टान्सिया यांच्या गटानं या जनुकाचा फक्त वारेतला खास भाग बंद केला. गर्भातलं जनुक शाबूत होतं. तरीही आधी वार लहान राहिली आणि काही दिवसांनी गर्भाची वाढ मागे पडली. मधल्या काळात त्या लहानशा वारेनं वजनाच्या मानानं जास्त अमिनो आम्लं पोचवली. भूक भागवण्यासाठी ती होती तेवढी ताकद लावत होती, पण शेवटी कमी पडली. आणि २०२२ साली, पुन्हा केंब्रिजमधूनच, बाळाच्या शरीरात या जनुकापासून तयार होणारं आयजीएफ-२ हे प्रथिन रक्तातून वारेत पोचतं आणि तिथल्या रक्तवाहिन्यांचं जाळं वाढवतं, हे उंदरांत दिसलं. बाळ वाढतं, तशी त्याची मागणी वारेला कळते ती अशी.

[दृश्य: गरोदर स्त्रीची रक्ततपासणी.]

याच्याही पुढची पायरी २०२३ सालच्या अभ्यासात आहे. अमांडा स्फेरुत्सी-पेरी आणि होर्हे लोपेझ-टेयो यांनी उंदरांच्या वारेतल्या फक्त संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींमधलं आयजीएफ-२ जनुक काढून टाकलं. एरवी गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. माणसांत तो जवळपास निम्म्यावर येतो. त्यामुळे आईचे स्नायू ग्लुकोज कमी उचलतात, ते रक्तात राहतं आणि बाळाकडे जातं. या उंदरांत तसं पुरेसं झालं नाही. पिल्लांना कमी मिळालं, ती लहान राहिली आणि मोठेपणी त्यांच्यात मधुमेह आणि लठ्ठपणाची सुरुवातीची लक्षणं दिसली. थोडक्यात, वडिलांकडून आलेलं बाळाचं जनुक वारेच्या मार्फत आईच्या चयापचयाला वळण देतं.

आईचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून हा ताण सांभाळतं. ते कमी पडलं, की गरोदरपणातला मधुमेह होतो. आईची आणि वडिलांची जनुकं या दोन बाजूंच्या खेचाखेचीचा विचार उत्क्रांतीचे अभ्यासक डेव्हिड हेग यांनी १९९३ सालीच मांडला होता. हे बाळ जास्तीत जास्त वाढावं, यात वडिलांच्या जनुकांचा फायदा. आईच्या जनुकांना मात्र तिची पुढची बाळंतपणंही सांभाळायची असतात.

हे सगळे प्रयोग उंदरांवरचे, असं कुणी म्हणेल. पण २०१५ साली एका कुटुंबात आयजीएफ-२ मधला दोष सापडला. वडिलांकडून तो आलेल्यांची वाढ खुंटली होती. आईकडून आलेल्यांची वाढ नीट झाली होती.

[दृश्य: पुणे जिल्ह्यातलं गाव, शेतात काम करणाऱ्या बायका.]

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती बरीच लहान होती. स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकलेली. आईनं एकूण किती उष्मांक आणि प्रथिनं खाल्ली, याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा पोटात गेलं, याचा मात्र दिसला. ताटात भाताचा डोंगर वाढून भागत नाही, ते यामुळे. वारेला नेमकं काय मिळतं, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

म्हणूनच एक गोष्ट मला इथे ठासून सांगायची आहे. सोनोग्राफीत बाळाची वाढ कमी आहे असं निघालं, की घरातलं पहिलं वाक्य असतं, "तू नीट जेवत नाहीस." जेवण, लोहाच्या गोळ्या, विश्रांती हे सगळं हवंच. पण अनेकदा अडचण वारेत असते. गर्भाशयाच्या रोहिण्या सुरुवातीच्या महिन्यांत पुरेशा रुंद झालेल्या नसतात, किंवा वारच छोटी राहिलेली असते. तिथे आईनं दुप्पट खाल्लं, तरी वाढीव घास बाळापर्यंत पोचत नाही. अशा बाईला दोष देणं हा तिच्यावर अन्याय आहे.

अशा वेळी डॉक्टरांना विचारण्याजोगी गोष्ट आहे डॉपलर तपासणी. नाळेतल्या रक्तवाहिन्यांत रक्ताला किती अडथळा होतोय, हे तिच्यातून कळतं. वारेचं काम सुधारणारं खात्रीचं औषध आज उपलब्ध नाही. रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या सिल्डेनाफिल या औषधाकडून आशा होती, पण नेदरलँड्समधली त्याची चाचणी काही नवजात बाळांच्या मृत्यूंनंतर २०१८ साली थांबवावी लागली. त्यामुळे बाळावर बारीक लक्ष ठेवायचं, आणि पोटात राहण्यापेक्षा बाहेर येणं केव्हा जास्त सुरक्षित आहे हे ठरवून त्या वेळी प्रसूती करायची, हाच आजचा मुख्य उपचार आहे.