वरातीमागून आवाज

मंडळी, रेकॉर्ड केलेल्या टीव्हीत आवाज आणि ओठ का जुळत नाहीत, यावर बोलण्याआधी एक टाळी वाजवतो. ऐकलीत? शेवटची रांग माझ्यापासून सतरा-अठरा मीटरवर असेल. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे तिथे बसलेल्यांना माझे हात जुळताना दिसले आणि त्यानंतर सुमारे ५० मिलिसेकंदांनी टाळी ऐकू गेली. कुणाला खटकलं? नाही ना! लांबचा आवाज उशिरा येतो हे आपण जन्मापासून अनुभवतोय, त्यामुळे मेंदू तेवढा उशीर पोटात घालतो. पण हात जुळायच्या आधीच टाळी ऐकू आली असती, तर तुम्ही दचकला असता.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची १९९८ सालची एक शिफारस आहे, तिच्यातले आकडे हेच सांगतात. आवाज चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांनाच लोकांच्या लक्षात येतं, मागे पडला तर १२५ पर्यंत येत नाही. खपवून घेण्याची मर्यादा पुढे ९०, मागे १८५. म्हणून ‘आवाज जुळत नाही’ अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा विचारतो, पुढे पळतोय की मागे रेंगाळतोय? बहुतेकांना सांगता येत नाही. मग मी त्यांना बाराखडीकडे नेतो. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण, ओठ मिटल्याशिवाय यातला एकही नीट निघत नाही. बातम्या वाचणाऱ्याचा चेहरा लावा आणि फक्त ‘म’ आणि ‘ब’ पकडा. ओठ मिटण्याआधी ‘म’ ऐकू आला तर आवाज पुढे आहे. डब केलेल्या कार्यक्रमावर मात्र ही परीक्षा घेऊ नका. मी एकदा घेतली होती, तासभर, अगदी मन लावून.

आता रेकॉर्ड केलेल्या टीव्हीचं दुखणं वेगळं का, ते बघू. प्रक्षेपणात चित्र आणि आवाज १८८ बाइटच्या छोट्या छोट्या पाकिटांतून एकमेकांत मिसळून येतात. चित्राच्या प्रत्येक फ्रेमला आणि आवाजाच्या तुकड्यांना वेळेचा शिक्का लागतो, आणि त्या शिक्क्यांचं घड्याळ सेकंदाला ९०,००० ठोके मोजतं. प्लेअरनं शिक्के वाचायचे आणि ज्याची वेळ झाली त्याला पडद्यावर किंवा स्पीकरवर पाठवायचं, इतकं सरळ काम. फक्त हे प्रक्षेपण एकतर्फी असतं. पाऊस आला, अँटेनाची वायर सैल झाली, चार पाकिटं हरवली, तर ती परत मागता येत नाहीत. रेकॉर्डर आलं ते जसंच्या तसं, खड्ड्यांसकट लिहून ठेवतो.

थेट बघताना असा खड्डा म्हणजे क्षणभराची खरखर. रेकॉर्डिंग मात्र पुढे कुणाच्या तरी हातात जातं. टीव्हीला खोचलेल्या तुमच्या स्ट्रीमिंग स्टिकला ते स्वरूप झेपत नाही, म्हणून घरातला सर्व्हर ते चालता चालता बदलून देतो, म्हणजे ट्रान्सकोड करतो. त्यानं शिक्के पाळले तर ठीक. पण काही प्रोग्राम आवाजाचे उरलेले तुकडे नुसते एकापुढे एक चिकटवतात. एसी-३ हा आवाज दाबून पाठवायचा एक प्रकार, त्याचा एक तुकडा ३२ मिलिसेकंदांचा असतो. सहा तुकडे हरवले आणि रांग दाबून घेतली की आवाज १९२ मिलिसेकंद पुढे. पुढच्या खड्ड्यात आणखी थोडा. सुरुवातीला सगळं छान, विसाव्या मिनिटाला काहीतरी खटकतंय, आणि शेवटी खुनी कोण हे डिटेक्टिव्हनं तोंड उघडायच्या आधीच कळतं.

इथे बहुतेक जण टीव्हीच्या सेटिंगमध्ये घुसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! त्याआधी फाइल मध्यापासून लावून बघा. तिथे सगळं जुळलेलं असेल, तर फाइलमधले शिक्के शाबूत आहेत आणि चालवणारा वाटेत चुकतोय. उडी मारल्यावरही त्या जागी तेवढाच फरक राहत असेल, तर चूक फाइलमध्येच मुरली आहे. ही एक उडी तुमचे निम्मे कष्ट वाचवते, आणि ती मारायला रिमोटवरचं एक बटण पुरतं.

घसरण पायऱ्यापायऱ्यांनी न होता संथपणे, एकसारखी होत असेल, तर कुणीतरी वेग चुकीचा धरलाय. काही देशांत टीव्हीचे फ्रेम सेकंदाला ३० नसून २९.९७ असतात. कुणी तो आकडा ३० धरला की चित्र हजारात एक इतकं जोरात धावतं आणि तासाभरात आवाज ३.६ सेकंद मागे राहतो. इथे आवाज मागेपुढे सरकवून काही होत नाही. दहाव्या मिनिटाला जुळवलंत तर पन्नासाव्याला पुन्हा निसटतं.

फरक पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत तेवढाच असेल तर ते सगळ्यात सोपं. तेव्हा फाइल सोडा आणि वायरी बघा. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो, हालचाल मऊ करतो, त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात साउंडबार बोलून मोकळा होतो. टीव्ही गेम मोडवर टाकून बघा, त्यात ही प्रक्रिया कमी होते; फरक घटला तर चोर सापडला. एचडीएमआय या केबल-जोडणीत हा उशीर उपकरणांनी एकमेकांना कळवायची सोय २००६ पासून आहे, पण ती ऐच्छिक होती. ईआर्कमध्ये, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणाऱ्या एचडीएमआयच्या नव्या सोयीत, ती सक्तीची झाली. ब्लूटूथ हेडफोन असतील तर उलटं, आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो. आधी ते काढा, मग बाकीचं बोला.

माझी स्वतःची पद्धत कंटाळवाणी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. तीच फाइल कॉम्प्युटरवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावतो. तिथे जे आणि के या कळा आवाज पन्नास-पन्नास मिलिसेकंद सरकवतात. चार वेळा दाबल्यावर जुळलं, म्हणजे फरक २००, आता अंदाज नाही, आकडा आहे. कॉम्प्युटरवर मुळातच सगळं ठीक असेल तर परत स्टिककडे. साउंडबार काढून टीव्हीच्या स्पीकरवर ऐकतो, मग आवाज तसाच पुढे धाडणारी पासथ्रूची सोय बंद करून पीसीएम, म्हणजे साधा न दाबलेला आवाज करतो, मग सर्व्हरला ट्रान्सकोड न करता मूळ फाइल पाठवायला सांगतो. दोन गोष्टी एकदम बदलून दुरुस्त झालं, तर दुरुस्त झालं एवढंच कळतं.

जाहिराती कापणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण त्यांचे फोन मला जास्त येतात. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर चित्राची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, आवाजाचा तुकडा ३२ चा. दोघांच्या कडा दर १६० मिलिसेकंदांनीच एका रेषेत येतात. बाकी कुठेही कापलं तरी आवाज थोडा जास्त किंवा थोडा कमी उरणारच. चांगलं साधन तो हिशोब पुढच्या तुकड्यात चुकता करतं, आळशी साधन उधारी साठवत जातं. म्हणून कापलेली प्रत शेवटपर्यंत पाहून होईपर्यंत मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. मूळ हाती असलं तर एफएफएमपेग या व्हिडिओ-आवाज बदलणाऱ्या प्रोग्रामला ‘आवाजात खड्डा आहे तिथे तेवढी शांतता भर’ असं सांगता येतं. एकदा खड्डे दाबून बुजवले की ते कुठे होते हे कुणालाच सांगता येत नाही.

एक किस्सा. एका मित्राचं एक रेकॉर्डिंग दर वेळी नेमक्या एकाच जागी फिसकटायचं, आणि सिग्नल तर उत्तम होता. त्या शिक्क्यांचा आकडा ३३ बिटांत मावतो, म्हणून साधारण साडेसव्वीस तासांनी तो भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. तो क्षण नेमका त्याच्या रेकॉर्डिंगच्या मध्ये आला होता. प्लेअरला वाटलं, आपण कालच्या दिवसात गेलो! आम्ही त्या जागी फाइलचे दोन भाग केले आणि शिक्के नव्यानं लिहून घेतले.

मागून प्रश्न आलाय : प्रक्षेपणातच आवाज चुकलेला असेल तर? असतो कधी कधी. दुसऱ्या वाहिनीवर सगळं ठीक आणि या एकाच कार्यक्रमात गडबड असेल, तर तुमची उपकरणं निर्दोष. तेवढ्या फाइलपुरता आवाज सरकवून बघा. फक्त ‘सगळ्या व्हिडिओंसाठी हेच ठेवा’ या पर्यायाला चुकूनही हात लावू नका. मी लावला होता. पुढचे पंधरा दिवस मी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवत होतो.