आधी मार्क, मग माया?

एक पारदर्शक नळी, त्यात अडकलेला एक उंदीर, आणि बाहेर त्याच्याच पिंजऱ्यातला दुसरा. हा बाहेरचा सारखा घिरट्या घालतोय, नळी कुरतडतोय, फटीतून मिशा आत घालतोय. दार फक्त बाहेरूनच उघडतं, आणि ते कसं उघडायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. पण काही दिवसांत त्याचं त्यालाच जमलं, आणि मग काय, नळीजवळ सोडलं रे सोडलं की हा थेट दारापाशी!

शिकागो विद्यापीठातला हा २०११ चा प्रयोग. नळी रिकामी असली किंवा आत खेळण्यातला उंदीर असला तर दार उघडायचा खटाटोप फारसा कोणी केला नाही. मग शेजारच्या नळीत चॉकलेट ठेवलं, म्हटलं बघू आता काय करतात. तर त्यांनी दोन्ही नळ्या उघडल्या, आणि बरेचदा चॉकलेटचे तुकडे दुसऱ्यासाठी ठेवलेही. आता कोणी म्हणेल, त्याला सोबत हवी असेल, बाकी काही नाही. पण सुटलेला उंदीर वेगळ्या कप्प्यात जाईल अशी सोय केली तरी हा दार उघडतच राहिला. (आणि सोबत हवीशी वाटणं ही भावना नाही तर काय?)

कोणत्या प्राण्यावर माया करायची हे ठरवताना आपल्याला मात्र हुशारीचीच पडलेली असते. १९७० मध्ये आरशाची टेस्ट आली, प्राणी स्वतःला ओळखतो का हे बघायची: अंगावर ठिपका लावायचा, आरशात बघून तो स्वतःच्या अंगावर चाचपला तर पास. चिंपांझी पास, कुत्रा नापास, आता कुत्र्याचं सगळं जग नाकात, तो आरशात बघून काय करणार! २०१९ मध्ये क्लीनर रॅस नावाच्या बोटभर माशाने आरशात बघितलं आणि गळ्यावरचा ठिपका तळाला घासून काढायला लागला, तर लगेच वाद सुरू, की या टेस्टवर कितपत विश्वास ठेवायचा. चिंपांझी पास झाला तेव्हा टेस्ट भारी, मासा पास झाला की टेस्टमध्येच गडबड.

मला तर ही मार्कांची भानगडच पटत नाही, कारण दुखायला हुशारी कशाला लागते? २००३ मध्ये स्कॉटलंडमध्ये ट्राउट माशांच्या ओठात व्हिनेगरमधलं ॲसिड टोचून बघितलं. मासे तळाशी बसून डुलायला लागले, ओठ खडीवर घासायला लागले, कल्ले जवळपास दुप्पट वेगाने हलत होते, आणि खायला आले ते कितीतरी उशिरा. याला नुसती रिफ्लेक्स म्हणून सोडून देता आलं असतं, पण मॉर्फिन दिल्यावर हे घासणं-डुलणं कमी झालं, आणि दुखतच नसेल तर पेनकिलरने फरक का पडावा?

कायदे हळूहळू बदलतायत. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ पासून लॉबस्टर शुद्धीत असताना उकळत्या पाण्यात टाकता येत नाही. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, लॉबस्टर, ऑक्टोपस यांनाही जाणीव असते हे मान्य केलं, पण तो कायदा सरकारी धोरणांपुरताच, त्यामुळे उकळतं पातेलं काही त्याने थांबत नाही.

आणि जाळ्यातून बोटीवर आलेला मासा बहुतेक वेळा तसाच गुदमरून मरतो, काही जातींना त्याला तासही लागतात. खरंतर डोक्यावर एक नेमका टोला दिला की मासा लगेच बेशुद्ध होतो, मोठ्या सालमन फार्मवर हे काम मशीन करतं. समुद्रातून एका जाळ्यात हजारोंनी येणाऱ्या छोट्या माशांसाठी अशी सोय जवळपास कुठेच नाही, कारण त्यात वेळ जातो, पैसा जातो, आणि विकत घेणारा कधी विचारतही नाही.