शेवटच्या घरात पाणी का चढत नाही? पाइपांचं गणित आणि हायड्रॉलिक मॉडेल

(हातात प्रेशर गेज घेऊन, थेट कॅमेऱ्याकडे बघत)

नमस्कार. हा माझ्या हातात आहे तो प्रेशर गेज. नळाची तोटी काढायची, तिथे हा बसवायचा आणि काटा बघायचा. काटा एक किलोवर आला, तर त्या नळापासून पाणी दहा मीटर वर चढू शकतं. अर्धा किलो असेल तर पाच मीटर. आणि काटा जागचा हललाच नाही, तर त्या घरातल्या माणसांना काय काय करावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे: मोटर, हंडे, रात्रीची जागरणं.

गल्लीच्या शेवटच्या घरात पाणी पोचत नाही म्हटलं, की गावात दोन मागण्या होतात. नवी टाकी बांधा, किंवा धरणातून जास्त पाणी आणा. कधीकधी त्या रास्तही असतात. पण मी पाण्याच्या योजनांवर काम करताना पुन्हा पुन्हा जे पाहिलं, ते असं: टाकीत पाणी असतं. ते निघतंही. वाटेत दाब संपतो. पाणी कमी पडणं वेगळं आणि दाब कमी पडणं वेगळं, आणि दोन्हींवरचा इलाज एक नाही. आजचा व्हिडिओ या एवढ्याच मुद्द्यावर आहे.

एक गल्ली घेऊ.

(स्क्रीनवर: टाकी, एक सरळ पाइप, दोन्ही बाजूंना घरं)

२०० घरं. घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर. रोजचं पाणी झालं १ लाख ३५ हजार लिटर. गल्लीत १०० मिलिमीटरचा, म्हणजे आपला चार इंची पाइप, लांबी १ किलोमीटर.

हे पाणी चोवीस तास द्यायचं ठरवलं, तर सकाळच्या गर्दीत सरासरीच्या अडीच पट वापर धरूनही सेकंदाला ४ लिटरच्या आतच पाणी वाहतं. आता तेवढंच पाणी दिवसातून दोन तासच सोडा. सेकंदाला १९ लिटरच्या आसपास जावं लागेल. प्रवाह वाढला पावणेपाच पट. घर्षणात वाया जाणारा दाब किती वाढला? १८ पट. पाइपातल्या घर्षणाचं हेझन-विल्यम्स नावाचं सूत्र आहे, त्यात दाबाची घट प्रवाहाच्या १.८५ व्या घाताने वाढते, म्हणून. पाणी दुप्पट सोडलं की दाबाची घट साडेतीन पटींहून जास्त.

मीटरमध्ये सांगतो. पाइप नवा आहे आणि पाणी वाटेत घरोघरी सारखं उतरत जातंय असं धरलं, तर चोवीस तासांच्या पुरवठ्यात टोकाला पोचेपर्यंत साधारण १.२ मीटर दाब खर्च होतो. दोन तासांच्या पुरवठ्यात तोच खर्च २१ मीटर. आता तुमच्या गावची उंच टाकी आठवा. १२ मीटर असेल, १५ असेल. म्हणजे टाकीची सगळी उंची अर्ध्या गल्लीतच संपली. पहिल्या घरांनी तोट्या पूर्ण सोडलेल्या, आणि पुढच्यांसाठी दाबच उरलेला नाही. शेवटच्या घरातल्या बाईंनी तक्रार केली, तर ती तक्रार गणिताने खरी आहे. तिला "मोटर लावा" असं उत्तर देणं मला अजिबात पटत नाही. एकाने मोटर लावली की शेजाऱ्याचा उरलासुरला दाबही ओढला जातो, आणि पाइपात पोकळी झाली की गटारालगतच्या फुटक्या सांध्यातून घाण आत येते. पावसाळ्यातल्या जुलाबाच्या साथी अशाही येतात.

"मग पाइप मोठा टाका." बरोबर. १०० ऐवजी १५० मिलिमीटर टाकला, तर तेवढ्याच प्रवाहाला दाबाची घट सातव्या हिश्श्यावर येते. २१ मीटरचे ३ मीटर. आणि पाइप जुना असेल, आतून गंजून खडबडीत झाला असेल, तर उलटं: तेवढ्याच पाण्याला दुप्पट-अडीचपट घट. पण ही झाली एक गल्ली. गावात शेकडो पाइप असतात, ते एकमेकांत गुंतलेले, जाळीसारखे. इथे पाइप बदलला की चार गल्ल्या पलीकडचा प्रवाह बदलतो. कुठले पाच पाइप बदलले की सगळ्यात जास्त घरांना फायदा, हे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही. तिथे हायड्रॉलिक मॉडेल लागतं, म्हणजे कुठे किती पाणी आणि किती दाब पोचेल याचा हिशेब करणारी, गावच्या सगळ्या पाइपांची आकड्यांतली प्रतिकृती.

पाइपांची जाळी हाताने सोडवायची पद्धत १९३६ साली हार्डी क्रॉस या अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी मांडली. सिव्हिलच्या मुलांना हे नाव मोमेंट डिस्ट्रिब्युशनमुळे माहीत असेल, तेच हे. जाळीतल्या प्रत्येक बंद वळशात प्रवाहाचा अंदाज धरायचा, चूक काढायची, दुरुस्त करायची, पुन्हा करायची. आता ते काम संगणक डोळ्यांची पापणी लवायच्या आत करतो. एपानेट नावाचं सॉफ्टवेअर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ साली दिलं, ते आजही फुकट आहे. गावच्या साध्या, फांद्यांसारख्या नळयोजनेसाठी आपल्या आयआयटी मुंबईने जलतंत्र तयार केलंय, तेही फुकट. पैशाचं कारण इथे चालत नाही.

मॉडेलमध्ये काय भरायचं? पाइपांची लांबी, व्यास, वय. टाक्या, पंप. प्रत्येक चौकाची समुद्रसपाटीपासूनची उंची. ही उंची मोबाइलवरच्या नकाशावरून उचलू नका, कळकळीने सांगतो. त्यात तीन-चार मीटरची चूक सहज असते, आणि १९९९ च्या केंद्रीय नियमावलीत एकमजली घरासाठी नळाजवळ किमान दाब होता ७ मीटर. दुमजलीसाठी १२, तीनमजलीसाठी १७. सातात चाराची चूक असेल तर मॉडेलचा उपयोगच संपला. लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र, घेऊन रस्त्यावर उतरा.

आणि व्हॉल्व्ह. याची माहिती कुठल्याही नकाशात नसते, ती असते रोज व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याच्या डोक्यात. मी एकांना विचारलं होतं, "मामा, हा व्हॉल्व्ह किती आट्यांचा?"

"बारा. पण मी चारच सोडतो. जास्त सोडला की वरच्या आळीला पाणी चढत नाही."

या एका वाक्यात आख्ख्या गावाचं हायड्रॉलिक्स आहे. मामांनी वीस वर्षं रोज पहाटे हाताने जे जमवलं, तेच मॉडेलमध्ये आकड्यात उतरवायचं असतं. त्यांच्यासोबत एक पूर्ण पाळी फिरल्याशिवाय मॉडेल सुरू करू नका.

आता एक सापळा सांगतो, यात खूप जण अडकतात. मॉडेलला सांगितलं की या चौकात सेकंदाला ३ लिटर लागतात, तर साधं मॉडेल ते ३ लिटर तिथे देतंच, दाब असो वा नसो. मग उत्तर येतं: दाब उणे २० मीटर. असा दाब निसर्गात नसतोच. त्याचा अर्थ इतकाच की एवढं पाणी तिथे पोचणार नाही. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येतं, तोट्या आणि टाकीचे नळ उघडेच असतात. त्यामुळे माणूस गरजेपुरतं घेत नाही, दाब जेवढं देईल तेवढं घेतो. म्हणून दाबावर अवलंबून वापर धरणारी पद्धत निवडायची. एपानेटच्या २.२ आवृत्तीत, २०२० पासून, ती आतच आहे. ज्यांचे नळ चोवीस तास वाहतात त्यांच्यासाठी ही बारीक बाब असेल. आपल्यासाठी मॉडेल खरं की खोटं, हे इथेच ठरतं.

पण मॉडेल बनवून झालं तरी ते अजून कच्चं असतं. ते पक्कं होतं या गेजने. एका छोट्या शहरात आम्ही बारा ठिकाणी गेज लावले. अकरा ठिकाणी मॉडेल आणि गेज मीटर-दीड मीटरच्या फरकाने जुळले. बाराव्या ठिकाणी मॉडेल म्हणत होतं १४ मीटर, गेज दाखवत होता ४. आम्ही आधी मॉडेलवर शंका घेतली. दोन दिवस आकडे तपासले. शेवटी त्या रस्त्यावर मागे मागे जात गेज लावत गेलो, आणि एका पन्नास मीटरच्या तुकड्यात सगळा दाब पडत होता. तिथे खोदलं. डांबराखाली गाडलेला एक व्हॉल्व्ह, तीन-चतुर्थांश बंद. कधीतरी रस्ता झाला तेव्हा झाकला गेला आणि सगळे विसरले. त्या भागासाठी नव्या टाकीचा प्रस्ताव तयार होता. व्हॉल्व्ह उघडला आणि तो प्रस्ताव मागे पडला.

उलट बाजूही आहे. उताराच्या वस्तीत दाब जास्त होतो आणि तिथे गळती वाढते. प्लास्टिकच्या पाइपाची चीर दाबाने आणखी फाकते, त्यामुळे ढोबळमानाने दाब निम्मा केला की गळतीही निम्म्यावर येते. रात्री दोन ते चार, गाव झोपलेलं असताना, चोवीस तास पुरवठा असलेल्या भागाच्या मुख्य मीटरवर जे पाणी वाहताना दिसतं, त्यातलं बरंचसं गळतीचं. मॉडेल सांगतं दाब कमी करणारा व्हॉल्व्ह कुठे बसवायचा, जेणेकरून वरच्या घरांचं पाणी तुटणार नाही.

आणि वीजबिल. रोज १० लाख लिटर पाणी ५० मीटर वर उचलायचं, पंपाची कार्यक्षमता ७० टक्के, तर साधारण १९५ युनिट लागतात. मॉडेल बघून, पाइप आणि पंप नीट जुळवून त्यातले १० मीटर वाचवले, तर दिवसाला ३९ युनिट, वर्षाला १४ हजारांवर. बिल थकलं म्हणून बंद पडलेल्या नळयोजना आपल्या भागात कमी नाहीत.

मॉडेल पाणी तयार करत नाही, हेही सांगायला हवं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. उगमच आटला तर पाइपाचं गणित काय करणार? पण उगम आहे, आणि तरी तोटी कोरडी आहे, अशा गावांसाठी मी बोलतोय. कराडला खेटून असलेलं मलकापूर बघा. लहान नगर, तिथे मीटर लावून, वापरानुसार वाढते दर ठेवून चोवीस तास पाणी दिलं गेलं. आमच्या मोठ्या शहरात हे होणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावं.

(गेज पुन्हा कॅमेऱ्यासमोर)

आता तुमच्यासाठी काम. गेज घ्या. मुख्य पाइपावरून थेट येणाऱ्या नळाला लावा, गच्चीवरच्या टाकीच्या नळाला नको. पाणी आल्यावर पाच मिनिटांनी, मग मध्यावर, मग जायच्या आधी, असे तीन आकडे वहीत लिहा. गल्लीतल्या पहिल्या घरात आणि शेवटच्या घरात, एकाच दिवशी. मोटरी बंद ठेवून. पुढच्या व्हिडिओत आपण एपानेट उघडून एक गल्ली टाकणार आहोत, तेव्हा हे सहा आकडे हाताशी लागतील.