यकृतातला पू आला कुठून?

(दृश्य : कर्वे रस्त्यावरचं सोनोग्राफी सेंटर)

पोटावर गार जेल लागतं. प्रोब उजव्या बरगडीखाली टेकतो. "श्वास घ्या... धरून ठेवा." पडद्यावर यकृतात एक काळपट गोल डाग दिसतो. थंडी वाजून येणारा ताप, उजव्या कुशीतलं दुखणं, तुटलेली भूक, सगळ्याचं कारण सापडलं. यकृतात पू झालाय.

आपल्याकडे डॉक्टर आधी अमिबाचा विचार करतात, आणि ते बरोबरच आहे. दूषित पाण्यातून आलेला अमिबा आतड्यातून यकृतात पोचतो. त्याचा पू चॉकलेटी असतो आणि बहुतेक रुग्ण मेट्रोनिडॅझोल या औषधाने बरे होतात.

जिवाणूंमुळे झालेल्या गळूचा मात्र माग काढावा लागतो. पित्ताशयात खडे? पित्तनलिका तुंबलेली? अपेंडिक्स सुजलेलं? कधी यातलं काहीच निघत नाही आणि फाइलवर शेरा पडतो, 'कारण अज्ञात'. आमच्या मते खरा शोध इथून सुरू व्हायला हवा.

आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के पोर्टल शिरेच्या याच वाटेनं येतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण किंवा गाठ असेल, तर तिथले जिवाणू रक्तात शिरून यकृतात ठाण मांडू शकतात. गाठ दुखत नाही, जेवण नीट जातं. अशा वेळी यकृतातला पू हीच तिची पहिली खूण ठरते.

तैवानमध्ये १९८०च्या दशकापासून क्लेबसिएला या जिवाणूमुळे होणारी अशी गळवं मोठ्या संख्येनं दिसू लागली, विशेषतः मधुमेहींमध्ये. यकृतात पू झालेल्या रुग्णांत पुढे मोठ्या आतड्याचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त आढळल्याचं तिथल्या अभ्यासांत दिसलं. आणि मधुमेह तर आपल्याकडे घरोघरी आहे.

(दृश्य : वॉर्ड, डिस्चार्जची गडबड)

पू बाहेर काढणारी नळी काढली, ताप उतरला. "बाबा बरे झालेत, आता कशाला आणखी तपासण्या?" घरच्यांचा थकवा आम्हाला कळतो. पण कारण सापडलेलं नसेल, वय पन्नाशीपुढचं असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा : दुर्बिणीतून आतड्याची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, कधी करायची? संडासवाटे रक्त जात असेल, तर मूळव्याधच आहे असं घरच्या घरी ठरवू नका.

आतडं साफ व्हावं म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी घ्यायचं जुलाबाचं औषध, कंटाळवाणा भाग तेवढाच. बहुतेकांच्या आतड्यात कर्करोग निघत नाही. एखादा लहान पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा मांसल कोंब, दिसलाच, तर तो बहुतेक वेळा त्याच बैठकीत काढता येतो.